किती जोखीम चालेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लँटमधला सुरक्षा अधिकारी, ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करायला बसलेला पेशंट आणि साठवलेले पैसे कुठे टाकावेत या विचारात पडलेला माणूस, या तिघांचाही प्रश्न एकच असतो: एवढी जोखीम घेतली तर चालेल का? या विषयावर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. प्रश्नच तसे आहेत.

धोका शून्यावर आणता येणार नाही का?

एखादा ठरावीक धोका शून्यावर आणता येतो. घातक रसायन वापरणंच बंद केलं, तर त्याची गळती होणार नाही. पण त्याच्या जागी जे येतं ते आपले धोके बरोबर घेऊन येतं, आणि तिथे लक्ष द्यायचं राहून जातं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत बऱ्याच लोकांनी विमान टाळून गाडीने जायला सुरुवात केली. गाडीचा प्रवास विमानापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचा. गर्ड गिगेरेन्झर या मानसशास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार पुढच्या वर्षभरात त्यामुळे रस्त्यांवर सुमारे १,५०० माणसं जास्त मेली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे.

म्हणून नुसतं ‘हा धोका चालेल का’ असं विचारून उत्तर मिळत नाही. ‘हा पर्याय त्या पर्यायापेक्षा बरा का’ असं विचारलं की मिळतं. काहीही न करणं हासुद्धा एक पर्यायच, आणि त्यालाही धोका असतो.

मग ‘इथपर्यंत चालेल’ असा ठरलेला आकडा कुठेच नाही का?

आहेत की, आणि बरेच आहेत. ब्रिटनमधली कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची सरकारी यंत्रणा दोन रेषा आखते. कामगाराच्या बाबतीत वर्षाला हजारात एक मृत्यू ही वरची हद्द, तिच्या पलीकडचं काम एरवी चालू द्यायचंच नाही. ज्यांचा त्या कामाशी संबंध नाही अशा लोकांसाठी हीच हद्द दहा हजारांत एक. खालची रेषा दोघांनाही सारखीच: वर्षाला दहा लाखांत एक. तिच्या खाली गेलात तर फार डोकं खाजवायची गरज नाही. मधला जो मोठा पट्टा उरतो, त्यात धोका ‘वाजवी प्रयत्नांनी जितका कमी करता येईल तितका’ करायचा.

नेदरलँड्समध्ये १९५३ च्या समुद्राच्या पुरात १,८३६ माणसं गेली. त्यानंतर नेमलेल्या आयोगासाठी गणितज्ञ डेव्हिड व्हान डान्टझिग यांनी सरळ हिशेब मांडला: बांध उंच करण्याचा खर्च आणि पुराने होणारं अपेक्षित नुकसान यांची बेरीज कोणत्या उंचीला सर्वांत कमी येते? मध्य हॉलंडच्या बांधांसाठी शेवटी ठरलं, की दहा हजार वर्षांत एकदा येईल एवढ्या पाण्याला ते पुरून उरले पाहिजेत.

मोठ्या प्रवासी विमानांच्या नियमांत तर ज्या बिघाडाने विमानच कोसळेल, असा प्रत्येक बिघाड अब्ज उड्डाणतासांत एकदा होण्याइतका दुर्मीळ असावा लागतो.

असे आकडे येतात कुठून? कोणीतरी बसून ठरवतं का?

हो, ठरवतंच. निसर्गात ते कुठे लिहून ठेवलेले नाहीत. विमानांचा अब्जाचा आकडा कसा आला ते पाहण्यासारखं आहे. त्या काळी प्राणघातक अपघाताचं प्रमाण साधारण दहा लाख तासांमागे एक होतं. त्यातला अंदाजे दहावा हिस्सा यंत्रणांच्या बिघाडाचा, म्हणजे एक कोटी तासांत एक. नव्या विमानात यापेक्षा वाईट होऊ नये असं ठरवलं. मग एका विमानात असे घातक बिघाड शंभरेक संभवतात असं धरलं आणि त्या प्रमाणाला शंभराने भागलं. झाला अब्ज.

यातलं ‘शंभरेक’ हे सरळसरळ गृहीत धरलेलं आहे. त्याने आकडा निकामी होत नाही. नियम करायचा तर कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण बैठकीत कोणी ‘दहा लाखांत एक’ हे वेदवाक्यासारखं फेकलं, तर ते कशावरून आलं हे विचारायला लाजू नये.

‘वाजवी’ म्हणजे नेमकं किती?

याचं सर्वांत कामाचं उत्तर १९४९ च्या एका ब्रिटिश निकालात आहे: एडवर्ड्स विरुद्ध नॅशनल कोल बोर्ड. खाणीतल्या रस्त्याची बाजू ढासळून एक कामगार मेला होता. बोर्डाचं म्हणणं, सगळ्या खाणींतल्या सगळ्या रस्त्यांना आधार देत बसणं परवडणार नाही. न्यायालयाने म्हटलं, सगळ्यांना द्या असं म्हणतंय कोण? जिथे गरज होती तिथे दिला का, तेवढं सांगा. तराजूच्या एका पारड्यात धोका आणि दुसऱ्यात तो टाळण्यासाठी लागणारा पैसा, वेळ, त्रास. दुसरं पारडं पहिल्यापेक्षा अतिशयच जड असेल तरच ‘नाही केलं’ म्हणता येतं.

इथे ‘अतिशयच’ याला महत्त्व आहे. खर्च फायद्यापेक्षा थोडासा जास्त निघाला एवढ्याने सुटका नाही, कारण तराजू मुद्दामच माणसाच्या बाजूला झुकवलेला आहे. आणि हे सिद्ध करायचं काम धोका निर्माण करणाऱ्याचं. व्यवहारात मात्र उलटंच दिसतं. कामगारानेच धोका सिद्ध करून दाखवावा, अशी वाट पाहत साहेब लोक बसलेले असतात.

मी स्वतः वेगात बाइक चालवतो, डोंगर चढतो. मग शेजारच्या प्लँटच्या धोक्याबद्दल तक्रार करायचा मला काय अधिकार?

पूर्ण अधिकार आहे. डोंगर तुम्ही निवडलात, मजा तुमची आणि पाय घसरला तर तोही तुमचाच. प्लँटच्या टाकीतल्या गॅसबद्दल तुम्हाला कोणी विचारलं नाही, आणि त्यातला नफाही तुमच्या घरी येत नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं सोपंच असतं.

चॉन्सी स्टार या अभियंत्याने १९६९ मध्ये असा निष्कर्ष मांडला, की माणसं स्वतःहून घेतलेली जोखीम लादलेल्या जोखमीच्या सुमारे हजारपट असली तरी चालवून घेतात. हजार या आकड्यावर पुढे बरेच आक्षेप आले, आणि ते योग्यही होते. केवळ निवड नाही, फायदा किती, धोका ओळखीचा आहे का, त्याची धास्ती किती, ताबा कोणाच्या हातात, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. पण मूळ निरीक्षण टिकून आहे. ‘लोकांना गणित कळत नाही, ते उगाच घाबरतात’ असं म्हणणाऱ्या तज्ज्ञांना बहुतेक वेळा लोकांचा प्रश्नच कळलेला नसतो. धोका किती आहे हे त्यांनी विचारलेलं नसतं. तो आमच्या माथी कोणी मारला, हा त्यांचा प्रश्न असतो.

एकाच दुर्घटनेत शंभर जाणं आणि शंभर वेगवेगळ्या अपघातांत एकेक जाणं, हिशेबात सारखंच ना?

बेरजेत सारखं, बाकी कशातच नाही. नेदरलँड्सने घातक उद्योगांसाठी ठेवलेली फूटपट्टी हेच सांगते. एका वेळी दहा किंवा जास्त मृत्यूंची घटना वर्षाला एक लाखात एक चालते. शंभर किंवा जास्त मृत्यूंची मात्र एक कोटीत एक. मृत्यू दसपट, पण अट शंभरपट कडक. मोठी दुर्घटना एखादी वस्तीच मोडून टाकते, मदतीची यंत्रणा तिच्यापुढे तोकडी पडते, आणि मागे कोणीच उरत नाही. त्यामुळे ही कडक अट मला पटते. तिची दुसरी बाजू मात्र वाईट आहे. रोज मरे त्याला कोण रडे. एकेकट्याने होणाऱ्या मृत्यूंसाठी ना चौकशी समिती बसते, ना निधी येतो.

वर्षाला एक टक्का म्हणजे किरकोळच की?

एका वर्षापुरता. तीस वर्षं तिथेच राहणार असाल, तर एकदा तरी ते घडण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. ‘शंभर वर्षांत एकदा येणारा पूर’ म्हणतात तो हाच. तो एकदा येऊन गेला की पुढची नव्याण्णव वर्षं निवांत, असा त्याचा अर्थ बिलकुल नाही. हजारात एक धोक्याचं काम चाळीस वर्षं केलं तर शेकडा चार होतात. आकडा ऐकला की लगेच विचारा: दर वर्षी, दर फेरीला, की आयुष्यभरात?

आजवर कधी काही झालं नाही. याला पुरावा मानायचं की नाही?

थोडासा. संख्याशास्त्रात त्यासाठी एक सोपी युक्ती आहे: जितक्या वेळा काहीच घडलं नाही, त्या संख्येने तीनाला भागा. शंभर वेळा सुरळीत पार पडलं असेल तर खरा धोका शंभरात तीनपर्यंत असू शकतो, आणि हे ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं. म्हणजे दहा हजारांत एक एवढी सुरक्षितता शंभर अनुभवांवरून सिद्ध होतच नाही. त्यासाठी तीस हजार वेळा काहीही न घडता काम पार पडावं लागतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे ‘काहीतरी झालं होतं, पण निभावलं’ हीच सुरक्षिततेची खूण समजणं. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेचं चॅलेंजर हे स्पेस शटल यान कोसळण्याआधीच्या काही उड्डाणांत रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी झिजल्याचं दिसलं होतं. एकदा झीज कडीच्या त्रिज्येच्या एक तृतीयांशापर्यंत गेली, तेव्हा ‘अजून तिप्पट वाव आहे’ असा अर्थ काढला गेला. चौकशी मंडळातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्यावरच बोट ठेवलं. ती कडी मुळात झिजायलाच नको होती. झिजली म्हणजे काहीतरी बिघडलंय. त्यातून सुरक्षिततेची तिप्पट कुठून निघाली? यान गमावण्याची शक्यता नासात काम करणारे इंजिनिअर शंभरात एकच्या आसपास धरत होते, व्यवस्थापन लाखात एक. लाखात एक म्हणजे रोज एक याप्रमाणे जवळजवळ तीनशे वर्षं यानं सोडली तर एक जाईल. प्रत्यक्षात स्पेस शटलची एकूण १३५ उड्डाणं झाली, आणि त्यांतली दोन यानं गेली.

आमच्याकडे रिस्क मॅट्रिक्स आहे, म्हणजे शक्यता आणि परिणाम पाहून धोक्याला रंग देणारा तक्ता. लाल, पिवळा, हिरवा. ते पुरत नाही का?

बोलायला सुरुवात म्हणून पुरतं. निर्णयासाठी नाही.

पॅकिंग लाइनवरचं एखादं मशीन घ्या. माल अडकतो. ऑपरेटर गार्ड उघडतो, गार्ड उघडलं की लिमिट स्विचमुळे मशीन थांबतं. माल काढायचा, गार्ड लावायचं, पुन्हा चालू करायचं, यात तीन-चार मिनिटं जातात आणि शिफ्टचं टार्गेट तर डोक्यावर असतं. मग एक दिवस कोणीतरी स्विचवर चिकटपट्टी लावून तो दाबून ठेवतं, आणि चालू मशीनमध्ये हात घालून माल काढायला सुरुवात होते. महिनाभरात पट्टीवर इतकी धूळ बसते की ती मशीनचाच भाग वाटायला लागते. इकडे ऑफिसात तक्त्यावर नोंद पडते: ‘हात अडकणे. शक्यता क्वचित, परिणाम गंभीर, रंग पिवळा.’ हे ‘क्वचित’ कोणी लिहिलं? ज्याने अपघातांची वही चाळली त्याने. लाइनवर तासभर उभा राहिला असता तर त्याला चिकटपट्टी दिसली असती. शिफ्टमध्ये तीनदा माल अडकतो असं धरलं आणि वर्षाचे तीनशे दिवस, तर एकट्या त्या शिफ्टमध्ये नऊशे वेळा हात आत जातो.

तक्त्याचे गणिती दोषही आहेत. घटना जितकी दुर्मीळ तितका परिणाम मोठा, अशी स्थिती असेल तर तक्त्याने लावलेला क्रम नाणं उडवून लावलेल्या क्रमापेक्षाही चुकीचा येऊ शकतो, हे लुईस अँथनी कॉक्स यांनी २००८ मध्ये दाखवलं. आणि नेमके मोठे धोके तसेच असतात. शिवाय लाल रंग आला की वरून प्रश्न येतात, म्हणून पुष्कळ गोष्टी पिवळ्या होतात, हे बैठकीत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

‘धोका दुप्पट होतो’ असं वाचलं. थांबू का?

कशाच्या दुप्पट, ते आधी शोधा. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा निघाला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बायकांनी धसका घेतला आणि अनेकींनी गोळ्या सोडल्या. प्रत्यक्षात धोका सात हजारांत एकवरून सात हजारांत दोन झाला होता. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. आणि गुठळीचा धोका गोळीपेक्षा गरोदरपणातच जास्त असतो! इशारा खोटा नव्हता. फक्त अर्धा सांगितला गेला.

डॉक्टर म्हणाले, दोन टक्के धोका आहे. सही करू का?

सही करायची की नाही हे इथून सांगता येणार नाही. पण पेन उचलण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. दोन टक्के कशाचे, मृत्यूचे की जखम चिघळण्याचे? किती काळातले? हा आकडा पुस्तकातला की इथे झालेल्या ऑपरेशनांचा? आणि ऑपरेशन केलंच नाही तर पुढच्या वर्षभरात काय होईल? या शेवटच्या प्रश्नाशिवाय दोन टक्क्यांना काही अर्थच नाही.

मांडणीकडेही लक्ष ठेवा. १९८२ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया की किरणोपचार असा पर्याय दिला होता. तेच आकडे ‘इतके जगतात’ असे मांडले तेव्हा जितक्यांनी शस्त्रक्रिया निवडली, त्याहून कमी जणांनी ‘इतके मरतात’ असे मांडल्यावर निवडली. निवडणाऱ्यांत डॉक्टरही होते. आकडा दोन्ही बाजूंनी मोठ्याने म्हणून पाहा: शंभरांतल्या दोघांना त्रास होतो, अठ्ठ्याण्णवांना होत नाही.

पैशाच्या बाबतीतही हेच लागू पडतं का?

बरंचसं. पण पैशात एक वेगळा सापळा आहे: सरासरी. समजा असा डाव आहे की छापा पडला तर रक्कम ५० टक्के वाढते, काटा पडला तर ४० टक्के घटते. सरासरीने दर डावाला ५ टक्के फायदा. खेळाल? शंभर लावले, छापा आला, दीडशे झाले. मग काटा आला, नव्वद उरले. एक छापा, एक काटा आणि दहा गेले. खेळत राहिलात तर बहुतेक जण भिकेला लागतात आणि एखाद-दुसरा गडगंज होतो, त्याच्यामुळे सरासरी छान दिसते. निम्मे बुडाले तर मूळ पदावर यायला उरलेल्याचे दुप्पट व्हावे लागतात. नव्वद टक्के बुडाले तर दहापट.

म्हणून पैशात पहिला प्रश्न ‘सगळंच जाऊ शकतं का’ हा. जाऊ शकत असेल, तर शक्यता कमी असली तरी तिथे टाकायची रक्कम गेल्याने घर चालायचं थांबणार नाही एवढीच ठेवावी. शिर सलामत तर पगडी पचास.

विमा काढला की झालं ना?

विम्याने पैशाचं नुकसान दुसऱ्याच्या खांद्यावर जातं. अपघाताची शक्यता आहे तिथेच राहते.

सुरक्षा वाढवली की लोक बेफिकीर होतात. मग कशाला खर्च करायचा?

थोडे होतात, हे खरं. उलटंही होतं. ३ सप्टेंबर १९६७ ला स्वीडनमध्ये वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. सगळे जपून गाडी चालवू लागले आणि अपघात कमी झाले, पण सवय झाल्यावर आकडे पुन्हा पूर्वपदावर आले. यावरून सीट बेल्ट काढून टाका असा निष्कर्ष काढणारे लोक स्वतः मात्र तो लावून बसतात.

आकडेच नाहीत, गोष्टच नवी आहे. तेव्हा काय करायचं?

चुकलो तर मागे फिरता येईल का, हे पाहायचं. फिरता येत असेल तर लहान प्रमाणात करून बघा, आणि थांबायचं कधी हे सुरू करण्याआधीच लिहून ठेवा. फिरता येत नसेल, तर माहिती येईपर्यंत थांबण्याची किंमत किती ते मोजा. बहुतेक वेळा ती वाटते तितकी नसते. घाई कोणाला आणि का, हे विचारलं की बरंच काही कळतं.

शेवटी ठरवायचं कोणी?

धोका जिच्या अंगावर येणार, ती व्यक्ती त्या खोलीत असली पाहिजे. तज्ज्ञ शक्यता सांगू शकतो, परिणाम सांगू शकतो. पण ‘एवढ्या फायद्यासाठी एवढं चालेल’ हे ठरवायला त्याचं मत आणि इतरांचं मत सारख्याच वजनाचं. ‘समितीने मान्य केलं’ असं कागदावर असेल तर तो निर्णय कोणाचाच नसतो. एक नाव हवं, तारीख हवी, कोणते पर्याय पाहिले आणि का सोडले हे दोन ओळींत हवं. आणि मुदत हवी. मुदत नसलेली तात्पुरती परवानगी कायमची होते. वरच्या मशीनवरची चिकटपट्टी असाच एक निर्णय होता, फक्त त्यावर कोणाची सही नव्हती.

एकदा मान्य केलेला धोका नंतर नाकारता येतो का?

येतो, आणि त्यासाठी अपघात व्हायलाच हवा असं नाही. थोडक्यात टळलेली घटना पुरते, वापर वाढला तरी पुरतं, आणि स्वस्त, साधा पर्याय हाताशी आला तर तेवढंही पुरतं. काल दुसरा मार्ग नव्हता म्हणून जे चालवून घेतलं, ते आज मार्ग असताना चालवून घ्यायचं कारण नाही, मग आकडा तसूभरही बदललेला नसो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका आणि युरोपातल्या बुटांच्या दुकानांत एक्स-रे यंत्रं असत. मूल पाय आत घालायचं आणि नव्या बुटात बोटं कशी बसली आहेत हे आई, विक्रेता आणि ते मूल स्वतः वरून डोकावून पाहत. किरणांचा मारा कितीतरी जास्त होता, आणि विक्रेत्याला तो दिवसभर बसायचा. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियाने या यंत्रांवर बंदी घातली, मग इतर ठिकाणांहूनही ती गेली. पायाचं माप तर साध्या पट्टीनेही घेता येत होतं.